आईचे दुखणे, भावाचे यंत्र

गेल्या महिन्यात एके संध्याकाळी आमच्या परिचयाच्या एक भगिनी घरी आल्या. परळच्या चाळीत राहतात, एका शाळेत आयाचे काम करतात. चहाचा कप हातात तसाच धरून त्यांनी विचारले, "भाऊ, खारघरला म्हणे कॅन्सरचं नवीन मशीन आलंय, प्रोटॉनचं. आमच्या सासूबाईंना गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघालाय. डॉक्टरांनी साध्या मशीनवर शेक घ्यायला सांगितलेत. आम्ही गरीब, म्हणून आम्हाला जुन्या मशीनवर टाकतात का हो?"

या प्रश्नाला हसण्याचे काहीच कारण नव्हते. रेशनच्या रांगेपासून दवाखान्याच्या रांगेपर्यंत आपल्या वाट्याला उरलेसुरले येते, हा ज्यांचा जन्माचा अनुभव आहे त्यांच्या मनात हा प्रश्न येणारच. आम्ही डॉक्टर नाही. म्हणून आम्ही त्यांना एवढेच म्हणालो, "ताई, आठ दिवस द्या. वाचतो, जाणत्या माणसांना विचारतो, मग सांगतो." वाचता वाचता आम्हाला एका डॉक्टरची हकिकत सापडली. तिच्यातही एक आई आहे, तिचे तसलेच दुखणे आहे आणि एक नवे यंत्र आहे. म्हणून ती आज सर्वच वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेच्या साउथ डाकोटा राज्यात कँटन नावाचे छोटे गाव आहे. तेथे नॉर्वेतून आलेल्या कुटुंबांपैकी लॉरेन्स हे एक कुटुंब. वडील शाळाखात्यात अधिकारी, आई गुंडा याही शिक्षिका होत्या. त्यांना दोन मुलगे. थोरला अर्नेस्ट १९०१ साली जन्मला, धाकटा जॉन १९०४ साली. थोरला पदार्थविज्ञान शिकला, धाकटा १९३० साली हार्वर्ड विद्यापीठातून डॉक्टर झाला. थोरल्याने कॅलिफोर्नियातील बर्कले येथे सायक्लोट्रॉन नावाचे यंत्र तयार केले. गोफणीत दगड घालून गरगर फिरवावा आणि वेग आला की सोडावा, तसे हे यंत्र अणूचे बारीक कण लोहचुंबकाच्या बळावर गोल गोल फिरवते, दर फेरीला त्यांचा वेग वाढवते आणि शेवटी बाहेर फेकते. १९३१ साली चाललेले पहिले यंत्र हातात मावेल एवढे होते. पुढे ते खोलीएवढे झाले, आणि त्याच यंत्रासाठी १९३९ साली अर्नेस्ट यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

१९३५ सालच्या उन्हाळ्यात धाकटा भाऊ थोरल्याकडे आला. प्रयोगशाळेतील तरुण मंडळी त्या यंत्राभोवती बिनधास्त वावरत होती. या कणांनी जिवंत शरीराचे काय होते, याचा कोणी नीट विचारच केला नव्हता. डॉ. जॉन यांनी एक उंदीर घेतला, छोट्या नळकांड्यात घालून यंत्राजवळ ठेवला आणि यंत्र थोडा वेळ चालवले. बाहेर काढून पाहतात तो उंदीर मेलेला! सगळ्यांचे चेहरे उतरले. नंतर कळले की बिचारा उंदीर किरणांनी मेलाच नव्हता, नळकांड्यात हवा न मिळाल्याने गुदमरला होता. पण तेवढ्या भीतीने चांगले काम झाले. यंत्राभोवती पाण्याच्या टाक्या रचून आडोसा केला गेला आणि माणसे जपून वागू लागली. मुलांनो, प्रयोग चुकला तरी नीट तपासला तर उपयोगी पडतो, हे या उंदरावरून ध्यानात ठेवा.

डॉ. जॉन मग बर्कलेलाच राहिले. सायक्लोट्रॉनमध्ये तयार केलेला किरणोत्सारी फॉस्फरस त्यांनी १९३६ साली रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णावर वापरला. माणसाच्या हाताने घडवलेल्या किरणोत्सारी पदार्थाने आजार बरा करण्याच्या प्रयत्नांची सुरुवात येथून मानतात. आज थायरॉइडच्या आजारासाठी जे किरणोत्सारी आयोडीन पाजतात, ते याच वाटेवरचे पुढचे पाऊल होय.

आणि १९३७ साली घरातच संकट आले. आई गुंडा यांच्या ओटीपोटात गाठ निघाली. नामांकित दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया होणार नाही असे सांगितले आणि फार दिवस उरले नसल्याची कल्पना दिली. दोन शिकलेले मुलगे, एक तर स्वतः डॉक्टर, तरीही हात टेकण्याची वेळ आली. त्या वेळी सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या रुग्णालयात दहा लाख व्होल्टवर चालणारे एक्स-रे यंत्र होते. ते अर्नेस्ट यांच्याच एका सहकाऱ्याने तयार केलेले होते. तेथील डॉ. रॉबर्ट स्टोन यांच्याकडे मुलांनी आईला नेले. शेक दिले गेले. त्रास झाला, पण गाठ हळूहळू विरघळली आणि माउली पुढे अनेक वर्षे जगली.

वाचकहो, येथे जरा थांबून विचार करा. ज्याची आई मशीनवर वाचली, त्याचा मशीनवर किती विश्वास बसेल? आपल्यापैकी कुणाची आई एखाद्या औषधाने उठून बसली, तर आपण ते औषध साऱ्या वस्तीला सांगत सुटू. डॉ. जॉन यांच्याकडे तर आता भावाचे सायक्लोट्रॉन होते. त्यातून न्यूट्रॉन नावाचे कण मिळत, आणि हे कण उंदरांच्या गाठींवर एक्स-रेपेक्षाही जास्त मारक ठरतात असे प्रयोगात दिसले होते. १९३८ साली डॉ. स्टोन आणि डॉ. जॉन यांनी माणसांवर न्यूट्रॉनचा उपचार सुरू केला. आधी चोवीस रुग्ण घेतले. नंतर मोठे यंत्र आल्यावर १९३९ ते १९४३ या काळात आणखी सुमारे सव्वादोनशे रुग्णांवर उपचार झाले. यातले बहुतेक असे होते की ज्यांना दुसरा इलाज उरला नव्हता.

याच सुमारास डॉ. जॉन मरता मरता वाचले. १९३९ साली ते इंग्लंडच्या बाजूने परत येत असताना ३ सप्टेंबरला, म्हणजे ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले त्याच दिवशी, त्यांचे 'अथेनिया' हे जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले. शंभरहून अधिक माणसे गेली. डॉ. जॉन बचावले, आणि परत येऊन पुन्हा रुग्णांपाशी उभे राहिले.

न्यूट्रॉनचा उपचार सुरुवातीला छान वाटला. काहींच्या गाठी झपाट्याने बसल्या. पण एक-दोन वर्षे उलटल्यावर वेगळेच दिसू लागले. शेक दिलेल्या जागेची कातडी दगडासारखी घट्ट झाली, आतले मांस आखडले, काहींना न भरणाऱ्या जखमा झाल्या. डॉक्टरांनी मात्रा ठरवताना कातडी किती लाल होते हे पाहिले होते. ती लाली लवकर जात असे, त्यामुळे सारे ठीक वाटे. न्यूट्रॉनचा खरा घाव उशिरा वर येतो, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. युद्धामुळे यंत्र दुसऱ्या कामाला गेले आणि उपचार थांबले. नंतर डॉ. स्टोन यांनी वाचलेल्या रुग्णांना पुन्हा पुन्हा तपासले, सगळ्यांचा हिशेब मांडला आणि १९४८ साली तो प्रसिद्ध केला. फायद्याच्या मानाने उशिरा होणारे नुकसान फार मोठे आहे, हा उपचार पुढे चालू ठेवू नये, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आम्हाला या सगळ्या हकिकतीत हेच सर्वांत मोठे वाटते. हे सांगणारा माणूस स्वतः हे उपचार करणारा होता. त्याच्याच हाताने या घरची आई वाचली होती. नाव, पैसा, विद्यापीठाची इज्जत, सगळे पणाला लागलेले होते. तरी त्याने आपल्या हातून झालेले नुकसान छापून टाकले. बरे झालेल्या एका आईची गोष्ट त्याने अडीचशे रुग्णांच्या हिशेबापेक्षा मोठी मानली नाही. एखादे मशीन आणि एखादा बाबा यांतला फरक येथेच आहे. बाबाकडे बरे झालेल्यांची नावे असतात, न झालेल्यांची वही नसते.

याच काळात अर्नेस्ट यांच्या तंत्रावर बेतलेल्या यंत्रांनी बाँबसाठी लागणारे युरेनियम वेगळे केले गेले, आणि ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा जळले. एकाच घरातले, एकाच विद्येचे हे दोन उपयोग. त्या बाँबच्या कामात असलेले रॉबर्ट विल्सन नावाचे तरुण शास्त्रज्ञ युद्धानंतर हार्वर्डला आले. १९४६ साली त्यांनी डॉक्टरांच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. वेगवान प्रोटॉन कॅन्सरच्या गाठीवर वापरता येतील, कारण ते शरीरात ठरावीक खोलीवर जाऊन थांबतात, असे त्यांनी मांडले.

थांबतात म्हणजे काय? मुंबईच्या वाचकांसाठी लोकलचे उदाहरण घेऊ. एक्स-रे म्हणजे कल्याणहून सुटलेली धीमी गाडी. गाठ दादरला आहे असे समजा. पण प्रवासी वाटेतल्या प्रत्येक स्थानकावर उतरतात, बरेचसे तर सुरुवातीलाच. थोडे दादरला उतरतात आणि उरलेले पुढच्या स्थानकांवर. म्हणजे गाठीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या निरोगी भागालाही किरणांचा मार बसतो. न्यूट्रॉन म्हणजे गाडी तशीच धीमी, पण उतरणारा प्रत्येक प्रवासी दांडगा. म्हणून वाटेतल्या वस्तीची नासधूस अधिक. प्रोटॉन मात्र दादरपर्यंतच जाणाऱ्या जलद गाडीसारखे. वाटेत थोडे उतरतात, सारी गर्दी दादरला रिकामी होते आणि गाडी पुढे जातच नाही. वेग कमी-जास्त करून गाडी कुठल्या स्थानकावर संपवायची हे ठरवता येते. कण थांबण्याआधी असा जोराचा दणका देतात, हे विल्यम ब्रॅग यांनी १९०४ च्या सुमारास ओळखले होते. रुग्णासाठी त्याचा उपयोग व्हायला पुढे पन्नास वर्षे गेली.

ते काम डॉ. जॉन आणि त्यांचे सहकारी कॉर्नेलियस टोबियास यांनी हाती घेतले. न्यूट्रॉनने पोळलेले असल्यामुळे या खेपेस घाई केली नाही. आधी कित्येक वर्षे जनावरांवर प्रयोग केले. १९५२ साली त्यांची माहिती प्रसिद्ध केली आणि मगच, १९५४ साली, पहिल्यांदा माणसावर प्रोटॉन सोडले. या रुग्ण होत्या स्तनाचा कॅन्सर अंगभर पसरलेल्या स्त्रिया. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्या रसांवर हा कॅन्सर पोसला जातो, म्हणून ती ग्रंथी निकामी करायची होती. गंमत अशी, की कण थांबवण्याची युक्ती त्या वेळी वापरलीच नाही. नेम चुकला तर मेंदूला इजा होईल म्हणून कण डोक्यातून आरपार जाऊ दिले, आणि रुग्णाला थोडे थोडे फिरवून सर्व बाजूंच्या शलाका त्या एका वाटाण्यावर एकवटल्या. जेवढे खात्रीचे तेवढेच केले. १९५७ पर्यंत तीस रुग्णांना प्रोटॉन दिले. त्यानंतर हेलियमचे कण वापरले आणि १९९२ पर्यंत दोन हजारांहून अधिक रुग्णांवर उपचार झाले. हात, पाय, जबडा वाढत जाण्याचा जो एक आजार याच ग्रंथीमुळे होतो, त्याच्या शेकडो रुग्णांना या उपचाराचा फार उपयोग झाला.

डॉ. जॉन लॉरेन्स यांना १९८३ साली अमेरिकन सरकारचा एन्रिको फर्मी पुरस्कार मिळाला. ७ सप्टेंबर १९९१ रोजी ते वारले. पण त्याआधी त्यांनी एक गोष्ट पाहिली. तोवर हे उपचार मुख्यतः शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळांतच होत. शास्त्रज्ञांचे काम आटोपले की रुग्णांना वेळ मिळायचा. कॅलिफोर्नियातल्याच लोमा लिंडा येथे डॉ. जेम्स स्लेटर यांनी वीस वर्षे खटपट करून प्रोटॉनचे यंत्र रुग्णालयाच्या इमारतीतच बसवले, आणि ऑक्टोबर १९९० मध्ये तेथे पहिल्या रुग्णावर उपचार झाला. ते यंत्र ज्या फर्मी प्रयोगशाळेत तयार झाले, तिचे पहिले संचालक म्हणजे १९४६ चा तो लेख लिहिणारे विल्सन. १९९४ साली जपानमध्ये चिबा येथे कार्बनच्या कणांचा उपचार सुरू झाला. आजपर्यंत जगभर तीन लाखांहून अधिक माणसांनी कणांचे उपचार घेतले आहेत. आपल्याकडे चेन्नईच्या एका खाजगी रुग्णालयात २०१९ साली, आणि टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत २०२३ साली प्रोटॉनचा उपचार सुरू झाला. खारघरचे यंत्र सार्वजनिक पैशातून उभे आहे, म्हणजे ते आपलेही आहे, हे विसरू नये.

आता त्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर.

प्रोटॉनचा खरा उपयोग कुठे? जिथे गाठीला चिकटून नाजूक अवयव आहे आणि किरण पलीकडे गेले तर आयुष्याचे नुकसान होईल, तिथे. लहान मुलांच्या मेंदूच्या किंवा मणक्याजवळच्या गाठी, डोळ्यातील काही गाठी, कवटीच्या तळाच्या गाठी, आधी एकदा शेक दिलेल्या जागी पुन्हा उठलेली गाठ. लहान मुलाचे सारे आयुष्य पुढे असते, म्हणून त्याच्या निरोगी भागाला वाचवलेला प्रत्येक किरण मोलाचा. पण प्रत्येक कॅन्सरला हे लागू नाही. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत साडेचारशे रुग्णांवर प्रोटॉन आणि आधुनिक एक्स-रे यांची सरळ तुलना केली. २०२४ साली निकाल जाहीर झाला. दोन्हींत आतड्याचा त्रास सारखाच आणि कॅन्सर आटोक्यात राहण्याचे प्रमाणही सारखेच निघाले. नवे आणि महाग म्हणजे चांगलेच, असे नाही.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या वाढलेल्या कॅन्सरसाठी बाहेरून शेक, त्याबरोबर आठवड्याला केमोचे इंजेक्शन आणि शेवटी आतून शेक, हाच जगभरचा पारखलेला उपचार आहे. श्रीमंत बाईलाही अमेरिकेत मूळ उपचार हाच सांगतात. आतून दिलेला शेक गाठीला अगदी लागून असतो, त्यामुळे तिथे जोर मिळतो आणि लांबचा भाग वाचतो. तेव्हा सासूबाईंना गरीब म्हणून जुन्या मशीनवर टाकलेले नाही. मात्र एक गोष्ट आम्ही त्यांना बजावून सांगितली. हे सगळे शेक आठ आठवड्यांच्या आत पुरे व्हावे लागतात. मध्ये खाडे झाले तर कॅन्सरला सावरायला वेळ मिळतो. सुनेचा रोज बुडतो म्हणून, गावी लग्न आहे म्हणून, बरे वाटते आहे म्हणून शेक चुकवायचा नाही. आपल्या घरांतून हातची संधी जाते ती बहुतेक वेळा अशीच.

तरीही त्यांचा प्रश्न चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. तो डॉक्टरांनाच विचारायला हवा. "हाच उपचार का? दुसरा कोणता आहे का? तो आम्हाला का नको? नंतर कोणता त्रास होईल?" हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या. चांगला डॉक्टर रागावत नाही. पैशांची अडचण असेल तर रुग्णालयातील समाजसेवा विभागात आधी जा, दागिने नंतर काढा.

आणि एक हिशेब मुंबईचाच सांगतो. १९९८ पासून टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा बारा वर्षे अभ्यास केला. दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगर, म्हणजे साधे शिरक्यासारखे पाणी, गर्भपिशवीच्या तोंडाला लावून डाग दिसतो का हे तपासले. तपासलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ साली हे जाहीर झाले. तुलनेसाठी निम्म्या स्त्रियांना तपासणी न करता फक्त माहिती दिली होती, त्यावर टीकाही झाली. ती टीका व्हायलाच हवी होती, कारण त्याही आपल्याच आयाबहिणी होत्या. पण निष्कर्ष हाती आला आहे, तर तो वापरू या. डोंगराएवढ्या यंत्राने जे साधत नाही, ते वेळेवर केलेल्या पाच मिनिटांच्या तपासणीने साधते.

पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा नवरा-बायकोच्या संबंधानंतर रक्त गेले, घाण वासाचे पाणी जाऊ लागले, तर लाज बाजूला ठेवून त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. घरातल्या पुरुषांनीही हे वाचावे आणि बाईला एकटी पाठवू नये. गुंडा लॉरेन्स यांच्यासोबत त्यांचे मुलगे गेले होते.

त्या ताईंच्या सासूबाईंचे निम्मे शेक झाले आहेत. थकवा आहे, जेवण कमी जाते, पण एकही खाडा झालेला नाही. ताई सकाळची शाळा करून त्यांना घेऊन जातात, आणि ज्या दिवशी त्यांना जमत नाही त्या दिवशी शेजारच्या खोलीतली सून जाते.